रंगाखाली काय निघाले? जुना डंपर घेतलेल्यांचे अनुभव

पहिला_गिअर (धागालेखक)
काल रात्री डोळा लागता लागता दूरवर कुठेतरी एक डंपर रिकामा झाला. हौद्याला चिकटलेला माल सुटावा म्हणून चालकाने फाळका दोनदा आपटला आणि त्या खणखणाटाने मी पुरता जागा झालो. माझा पहिला जुना डंपर असाच वाजत असे.

तो घेताना मी स्वतःला फार हुशार समजत होतो. इंजिन थंड असताना चालू करायला लावले, धुराचा रंग पाहिला, ऑइल भरण्याचे झाकण उघडून वाफ किती जोराने बाहेर येते ते तपासले आणि इंजिन ठणठणीत आहे अशी खात्री करून घेतली. ते खरोखरच ठणठणीत होते. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, नुकताच दिलेला काळा रंग पाहून मात्र ‘गाडी निगराणीत ठेवलेली दिसते’ असे मीच विक्रेत्याला म्हणालो, आणि तो नम्रपणे हसला.

दुसऱ्या महिन्यात ओल्या वाळूचे काम लागले. हौदा वर जाताना किंचित एका अंगाला कलतो आहे असे चालक सांगत होता, तर मी त्याला जमीन सपाट नसेल असे समजावत होतो. शेवटी मिस्त्रीने तारेच्या ब्रशने रंग खरवडला तेव्हा मागच्या बिजागरीच्या थोडे पुढे चेसिसवर वेल्डिंगने चिकटवलेली एक पट्टी निघाली, आणि ती पट्टी जिथे संपत होती तिथूनच नवी भेग बोल्टच्या छिद्रापर्यंत गेली होती. जड वाहनाच्या चेसिसचे पोलाद अनेकदा उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेले असते. त्याच्या वरच्या किंवा खालच्या पात्यावर (सपाट कडेवर) आडवे वेल्डिंग केले की त्या ओळीत पोलाद कमकुवत होते आणि सगळा ताण तिथेच साचतो, हे मला त्या दिवशी कळले. इंजिन ऐकून गाडी घेतली आणि वजन ज्याच्यावर असते ते मात्र पाहिलेच नाही.

तुमच्या गाडीने काय लपवले होते आणि ते केव्हा उघडे पडले, ते सविस्तर लिहावे.

ग्रीसगन
लपवलेले बहुतेक सगळे खालीच असते, आणि खाली झोपून पाहायला गिऱ्हाइकाला कपड्यांची काळजी वाटते. मी गेली अनेक वर्षे हेच काम करतो, त्यामुळे पाहण्याचा क्रम सांगतो. गाडीजवळ गेल्यावर आधी रेडिएटरला हात लावावा. तो गरम असेल तर तुमच्यासाठी इंजिन आधीच तापवून ठेवले आहे असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी न कळवता यावे. त्यानंतर रिकामा हौदा अर्ध्यापर्यंत उचलून, खाली कोणीही नाही याची खात्री करून, हौदा उचलणाऱ्या जॅकच्या नळीवर खडूने खूण करून दहा मिनिटे थांबावे. खूण हळूहळू आत सरकत असेल तर जॅकचे सील किंवा झडप तेल सोडते आहे. पुढे हौदा पूर्ण वर नेऊन त्याला लोखंडी टेकू द्यावा आणि मगच मागच्या बिजागरीच्या पिनेशी पहार लावून ती किती खेळते ते बघावे. पिन आणि तिच्याभोवतीचा बुश वेळच्या वेळी ग्रीस न मिळाल्याने अंडाकृती झालेले असतील, तर हौदा कलतो आणि त्याचा पीळ जॅकवर येतो.

टेकू न लावता उचललेल्या हौद्याखाली जाऊ नये. जॅकवर भरवसा ठेवून आत डोकावणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांतल्या एकाच्या बाबतीत काय झाले ते इथे लिहिण्याची माझी इच्छा नाही.

अर्धी_टाकी
आमच्या विक्रेत्याने तर टायरांनाही काळा रंग दिला होता. पहिल्याच पावसात टायर म्हातारे झाले.

उलटा_आकडा
इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. मी पाहिलेल्या गाडीवर 90,000 किलोमीटर होते, आणि एवढ्या कमी आकड्याने मी हुरळलो होतो. सोबतच्या मित्राने तासांचे मीटर दाखवले, तर त्यावर 9,000 तास. म्हणजे सरासरी वेग ताशी 10 किलोमीटर. ती गाडी आयुष्यभर खाणीत रांगेत उभी राहिली होती, चढ चढत होती किंवा इंजिन चालू ठेवून झोपलेल्या चालकाची वाट पाहत होती. अशा गाडीच्या किलोमीटरना काहीच अर्थ नसतो. इंजिन त्या सगळ्या वेळात फिरतच असते. तासांचे मीटरही बदलता येते, हे खरे आहे. म्हणून मी आता आकड्यापेक्षा क्लचच्या पॅडलवरचे रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि चालकाच्या दाराची बिजागरी पाहतो. मीटर नवे बसवणारा माणूस दाराची बिजागरी बदलत नाही.

वहीखाते
डंपर माझे पती चालवतात आणि वही मी लिहिते, त्यामुळे माझा अनुभव कागदावरचा आहे. गाडी आली त्या दिवसापासून मी इंजिनात मधून मधून किती ऑइल घालावे लागते ते तासांसह लिहीत गेले. ऑइल दर 250 तासांनी बदलण्याचा आमचा शिरस्ता आहे. दोन बदलांच्या मधे पूर्वी दोन लिटर घालावे लागत असे. ते तीन झाले, मग पाच झाले. हे हळूहळू झाल्यामुळे गाडीत बसणाऱ्याच्या लक्षात आले नाही, वहीत मात्र ते सरळ दिसत होते.

तेव्हा आम्ही वापरलेल्या ऑइलचा नमुना तपासणीसाठी पाठवला. तो पाठवण्यावरून घरात बराच वाद झाला, कारण ‘काळे झालेले ऑइल काळेच असणार, त्यात काय तपासायचे’ असे यांचे म्हणणे होते. अहवालात लोखंडाबरोबर सिलिकॉनचे प्रमाण फार वाढलेले निघाले. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा बाहेरची धूळ, असे प्रयोगशाळेच्या माणसाने समजावले. धूळ आत जाते कुठून, ते शोधायला दोन दिवस लागले; फिल्टर तर चांगला होता. एअर फिल्टर आणि इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो यांच्या मधल्या रबरी नळीला खालच्या बाजूने, वरून न दिसणारी, बोटभर चीर होती. फिल्टरने गाळलेल्या हवेत तिथून पुन्हा धूळ मिसळत होती आणि ती पिस्टनच्या रिंगा घासत होती. नळी स्वस्त होती. रिंगांचा खर्च मी इथे लिहीत नाही, कारण तो आकडा वहीत पाहिला की मला अजून राग येतो.

त्यानंतर नमुना पाठवण्यावरून वाद झालेला नाही.

मागचे_चाक
@वहीखाते, आपली वही वाचून मी खजील झालो. आमच्याकडे ऑइलचा हिशेब भिंतीवर कोळशाने लिहिलेला असे आणि दरवर्षी रंगरंगोटीत पुसला जात असे. एक पुरवणी मात्र जोडतो. फिल्टर बाहेर काढून त्यावर हवेचा झोत मारण्याची आमच्या चालकाला हौस होती. जास्त दाबाच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात, आणि प्रत्येक वेळी तो काढताना-बसवताना थोडी धूळ आत सांडते. फिल्टर किती तुंबला ते दाखवणारा निर्देशक लाल होईपर्यंत त्याला हात लावू नये.

उतारावरचा
मी मालक नाही, चालक आहे. माझी चूक मी आधीच कबूल करतो. माल ओतून झाल्यावर मी पीटीओ, म्हणजे इंजिनाची शक्ती हौदा उचलणाऱ्या पंपाला देणारा जोड, बंद करायला विसरलो आणि तशीच गाडी रस्त्याला लावली. इंजिनाच्या वेगाबरोबर हायड्रॉलिक पंप फिरत राहिला, तेल तापले आणि काही अंतरावर पंपाने किंचाळून प्राण सोडला. त्या गाडीत पीटीओ चालू असल्याचे सांगणारा दिवा आणि भोंगा दोन्ही होते, परंतु आधीच्या कोणीतरी भोंग्याच्या कटकटीला कंटाळून तार कापून ठेवली होती. दिवा उन्हात दिसत नव्हता.

पंप गेला म्हणून मी नशीबवान ठरलो, असे म्हणावे लागेल. झडप गळकी असती तर हौदा चालत्या गाडीत आपोआप वर चढला असता, आणि त्याच रस्त्यावर पुढे विजेच्या तारा होत्या. हौदा तारेला लागला तर केबिनमधून उतरू नये, वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत आतच बसावे. गाडीने पेट घेतला आणि उतरणे भागच पडले, तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशा रीतीने दोन्ही पाय जोडून उडी मारावी आणि पाय जमिनीला घासत, लहान पावलांनी दूर जावे. जुनी गाडी घेणाऱ्याने भोंगा वाजतो का, हे आधी पाहावे.

अर्धी_टाकी
@उतारावरचा, तार कापणारा तो मनुष्य आमच्याकडे आधी कामाला होता असे वाटते. आमच्या गाडीत मागे जाताना वाजणारा भोंगाही त्याने शांत केला होता.

ओली_वाळू
धागालेखकांनी ओल्या वाळूचा उल्लेख ओझरता केला आहे, मला तिथेच थांबावेसे वाटते. सुटी कोरडी वाळू एका घनमीटरला साधारण 1.6 टन भरते आणि भिजलेली 1.9 टनांच्या आसपास जाते. चौदा घनमीटरचा हौदा काठोकाठ भरला तर पहिल्या प्रकारात 22 टन होतात आणि दुसऱ्या प्रकारात 26 टनांच्या वर. हौदा तेवढाच भरलेला दिसतो आणि चार टन पाणी फुकट वाहिले जाते. त्या पाण्याचे भाडे कोणी देत नाही, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मात्र मोडतात.

चिकणमातीची तऱ्हा आणखी वेगळी. आमची गाडी माती ओतताना उलटली. मागची माती घसरून गेली, पुढची हौद्याच्या कोपऱ्याला चिकटून वरच राहिली आणि सगळे वजन उंचावर गेले. जमिनीला एका बाजूने वीतभर उतार होता, तेवढा पुरला. जॅक वर ढकलण्यासाठी बनवलेला असतो, बाजूने येणारा भार सोसण्यासाठी नव्हे. तो वाकला आणि गाडी आडवी झाली. चालक पट्टा बांधून बसला होता, म्हणून खरचटण्यावर निभावले.

विमा वगैरे आटोपल्यावर ती गाडी दुरुस्त होऊन विकली गेली. पुढच्या मालकाला तिचा इतिहास सांगितला गेला की नाही, मला माहीत नाही. म्हणून एवढेच सांगतो की गाडी घेताना चेसिसच्या दोन्ही कर्णांची मापे टेपने घ्यावीत. ती जुळत नसतील, किंवा केबिनच्या एकाच बाजूचे खांब, आरसा आणि दार नव्या रंगाचे असतील, तर ती गाडी कधीतरी आडवी झोपलेली आहे.

ग्रीसगन
@ओली_वाळू, कर्णांचे माप योग्य, परंतु ब्रेकसाठी हवा साठवणाऱ्या टाक्याही तपासाव्यात. टाकीखालची तोटी सोडल्यावर थोडे पाणी आले तर चालते. तेलकट काळा चिखल आला तर कॉम्प्रेसर ऑइल सोडतो आहे आणि ते ब्रेकच्या झडपांपर्यंत पोहोचलेले आहे. गाडी बंद करून हवेचा काटा किती वेगाने खाली येतो तेही पाहावे.

मागच्या ब्रेकच्या डब्यांबद्दल एक गंभीर सूचना. पार्किंग ब्रेकच्या डब्यात दाबून बसवलेली जबरदस्त स्प्रिंग असते. ती दाबून जखडून ठेवणाऱ्या खास बोल्टने बांधून घेतल्याशिवाय त्या डब्याची पट्टी सोडू नये. सुटलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. व्हिडिओ पाहून घरी डबा उघडणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

कंबरपट्टा
मी मधेच मुद्दा थोडा बाजूला नेतो, त्याबद्दल क्षमस्व. मधोमध वळणारे, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग सांध्याने जोडलेले डंपर कोणी जुने घेतले आहेत का? व्होल्वोने 1966 साली अशी पहिली गाडी आणल्यापासून चिखलाच्या कामात त्यांना तोड नाही असे ऐकतो.

उलटा_आकडा
@कंबरपट्टा, मी एक चालवला आहे. चिखलात तो खरोखर निघतो. जुना घेताना तो मधला सांधा आणि त्याची बेअरिंग हेच सर्वांत महागडे दुखणे असते. पुढचा भाग स्थिर ठेवून स्टिअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवायला सांगावे आणि दुरून सांध्याकडे पाहावे. आधी खट् आवाज येऊन मग गाडी वळत असेल तर विचार करावा. वळण्याच्या जागेत उभे राहून मात्र पाहू नये, तिथे माणूस चिरडतो.

पहिला_गिअर (धागालेखक)
इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. काहींनी पुढे काय झाले असे विचारले आहे. आम्ही जुनी पट्टी कापून काढली, भेगेच्या टोकाला छिद्र पाडून ती पुढे सरकणे थांबवले, भेग खोलवर खणून वेल्डिंगने भरली आणि घासून सपाट केली. मग आतून दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी जाड पट्टी चेसिसच्या उभ्या भागाला बोल्टने बसवली. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा आणि इंजिनाच्या संगणकाचा जोड सोडायला मिस्त्री विसरला नाही, हे त्याचे उपकार. ती गाडी त्यानंतर सहा वर्षे चालली.

विकताना मी ती जागा मुद्दाम रंगवली नाही आणि घेणाऱ्याला स्वतः खाली नेऊन दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि ‘एवढे सांगता आहात, म्हणजे याहून मोठे काहीतरी लपवत असणार’ असे म्हणून किंमत आणखी पाडली.

वहीखाते
@पहिला_गिअर, त्या गिऱ्हाइकाला वही दाखवायला हवी होती.

मागचे_चाक
एक शंका. येत्या रविवारी एक दहाचाकी पाहायला जाणार आहे. जोडटायरांमध्ये एक नवा आणि एक झिजलेला आहे, तर ते तसेच चालवावे का?

ग्रीसगन
@मागचे_चाक, चालवू नये. जोडीतला मोठा टायर जास्त वजन घेतो, लहान घासत फरफटतो आणि दोन्ही तापतात. दोघांचा घेर टेपने मोजावा. दोघांच्या मधे अडकलेला दगड आहे का तेही वाकून बघावे, आणि चाके काढून बसवली तर पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळावेत. रविवारी जुने कपडे घालून जा.