मदत हवी आहे: टँकरचा पंप किती तास चालला, हे जीपीएसवर वेगळं कसं दिसेल?

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात माझ्या पाच गाड्या आहेत: पाण्याचे दोन टँकर, दोन डंपर आणि मैला उपसायचा एक टँकर. पाचहींना गिअरबॉक्सवर पीटीओ आहे, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाला देणारी जोडणी. गाडी उभी असली तरी तिच्याच इंजिनावर पंप चालतो. जीपीएसला हे कळत नाही. गाडी उभी, इंजिन चालू, की रिपोर्टात 'आयडलिंग'. ड्रायव्हर झोपलेला असो वा पाणी चढवत असो.

यावरून मे महिन्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. एका टँकरचं अ‍ॅव्हरेज 4 वरून अडीचवर आलं. अकरा वर्षं माझ्याकडे असलेल्या काकांना मी चार माणसांत डिझेलचा जाब विचारला. ते काही बोलले नाहीत, किल्ली टेबलावर ठेवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी टँकर मीच घेऊन गेलो. सड्यावरच्या त्या वाडीची साठवण टाकी उंचावर आहे, फेरीला 40 मिनिटं पंप चालवावा लागतो. सहा फेऱ्यांचे 108 किलोमीटर, त्याला 27 लिटर. पंपाचे चार तास, तासाला 4 लिटर धरले तर 16. एकूण 43, म्हणजे अडीचचंच अ‍ॅव्हरेज. काकांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते परत आलेत, पण असं पुन्हा कुणाच्या वाट्याला यायला नको.

पंपाचे तास वेगळे मोजायला काय बसवू? समुद्र जवळ, वायरिंग वर्षभरात हिरवं पडतं, तेही सांगा.

— सड्यावरचा टँकरवाला

दादा, तुमच्या जीपीएसला बहुतेक डिजिटल इनपुटची, म्हणजे चालू-बंदचा सिग्नल घेणारी, एक वायर मोकळी असेल. पीटीओच्या स्विचवरून, म्हणजे केबिनमधला दिवा जिथून लागतो तिथून, तिला सिग्नल द्या. गाडी 24 व्होल्टची असेल तर ते इनपुट तेवढं सोसतं का, हे आधी विचारून घ्या. नाहीतर मधे रिले (करंटवर चालणारा स्विच) टाका. मात्र स्विच फक्त पीटीओ लागलाय एवढंच सांगतो. इंजिन बंद करून लिव्हर तशीच राहिली तर खोटे तास चढतील, म्हणून इंजिन चालू आणि पीटीओ चालू, दोन्ही असतील तेव्हाच मोजायला सांगा.

डंपरना आणखी एक अलर्ट लावाच: पीटीओ चालू असताना वेग 10 च्या वर गेला की फोन वाजला पाहिजे. आमच्या एका गाडीत पीटीओ लागलेलाच राहिला आणि कुडाळपर्यंत येईस्तोवर हायड्रॉलिक पंपाचं सील गेलं. हौदा चालत्या गाडीवर उचलला गेला असता तर वरच्या विजेच्या तारा होत्या. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

जोड चासीखाली ठेवू नका, केबिनमध्ये घ्या. बाहेरचा जोड टाळता येत नसेल तर सोल्डर करून वर गोंदाची हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा. नुसती टेप एक पावसाळाही काढत नाही.

— कुडाळचा डंपरवाला

जुन्या गाडीला साधा हवर मीटरही चालतो. पीटीओच्या स्विचमधूनच त्याला करंट द्या आणि रोज सकाळ-संध्याकाळचा आकडा ड्रायव्हरलाच वहीत लिहू द्या. त्याच्याकडेही पुरावा राहतो.

— गॅरेज, लांजा

दोघांचेही मनापासून आभार. वायरिंगवाल्याला रविवारी बोलावलंय, सुरुवात काकांच्या टँकरपासून. वही आजच आणली. काकांनी पहिल्या पानावर तारीख टाकली आहे.

— सड्यावरचा टँकरवाला