खिडक्या डुलतात तिकडे, अडकतो मी इकडे

खानापूरचा, मस्कतहून:
मंडळी, नमस्कार. खानापूरला बाबांच्या पीसीवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, माटे डेस्कटॉपवाली. ते हिशेब लिहितात. अडलं की मी इथून एक्स-११-व्हीएनसीने (दुसऱ्याचा पडदा नेटवरून बघायचा, चालवायचा प्रोग्राम) त्यांच्याच पडद्यावर जातो आणि फोनवर बोलत दोघं मिळून निस्तरतो. गणपतीपर्यंत झकास चालायचं. आता खिडकी धरून सरकवली की चार-पाच सेकंद सगळं गप्प, मग एकदम उडी. बाबा म्हणतात, "इकडं भारी चाललंय की!" पावसामुळे लाइन खराब झाली असेल का?

टिळकवाडीचा काका:
पावसाला कशाला नावं ठेवतोस? गणपतीत घरात कोण पोरं आली होती ते सांग. आणि खिडकी सरकवताना जेलीसारखी डुलते का, तेवढं बाबांना विचार.

खानापूरचा:
डुलते, काका! भाच्याने करून दिलंय. पडदा ठोकळ्यासारखा गोल फिरतो म्हणे. बाबा जाम खूष आहेत.

टिळकवाडीचा काका:
मग ते कॉम्पिझ, खिडक्यांना असले नखरे देणारा प्रोग्राम. २००६ साली आलं तेव्हा आम्हीही ऑफिसात तो ठोकळाच फिरवत बसायचो, खोटं कशाला बोलू.

आता बघ. व्हीएनसी पाठवतं ती पडद्यावरची चित्रं, जेवढा भाग बदलला तेवढाच. साधी खिडकी सरकली तर 'कॉपीरेक्ट' नावाची युक्ती आहे: "हा चौकोन तिथून उचल, इथं ठेव" एवढाच निरोप. १६ बाइट, संपलं. खरं खिडकी डुलायला लागली की प्रत्येक क्षणी तिचा आकार वेगळा, मग उचलून ठेवणार काय? सगळं नव्यानं पाठवायचं. ठोकळा फिरला तर अख्खा पडदाच. १९२० बाय १०८० चं एक चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) ८ एमबीच्या वर जातं, आणि डुलणं गुळगुळीत दिसायचं तर सेकंदाला ६० चित्रं. दाबून पाठवलं तरी घरच्या नेटचा अपलोड तो केवढा! बाबांना भारी दिसतं कारण त्यांचं चित्र ग्राफिक कार्डातून सरळ मॉनिटरवर जातं, नेटवरून नाही.

'डेस्कटॉप सेटिंग्ज'मध्ये 'विंडोज'वर जा, विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, कॉम्पिझऐवजी नुसता साधा 'मार्को' कर. 'मार्को + कंपोझिटिंग' (सावल्या, पारदर्शकपणा वगैरे सजावटीसकट) नको. वॉलपेपरही एकरंगी कर.

निपाणीची, श्टुटगार्टहून:
काका, व्हर्च्युअल-जीएल (त्रिमितीय चित्रं तिकडच्याच ग्राफिक कार्डावर रंगवणारं) आणि टर्बो-व्हीएनसी (व्हीएनसीचाच वेगवान प्रकार) घातलं तर? आमच्याकडे त्रिमितीय मॉडेलं असंच बघतात. ग्राफिक कार्ड तिकडचंच काम करतं.

टिळकवाडीचा काका:
ताई, ते मॉडेलं बघायला उत्तम. खरं रंगवलेलं चित्र शेवटी त्याच तारेतून येणार. शिवाय टर्बो-व्हीएनसी आपला वेगळा पडदा उघडतं. बाबांना याचा माऊस दिसायचाच नाही, मग शिकवणार कसं? हिशेबाच्या पीसीला एवढा थाट कशाला?

खानापूरचा:
मार्को केलं. खिडकी हाताबरोबर सरकते, काका! खरं बाबा रुसलेत, ठोकळा गेला म्हणून. तडजोड अशी की मी येण्याआधी त्यांनी मार्को करायचं, मी गेलो की परत कॉम्पिझ. काल विसरले. दहा मिनिटं 'सेटिंग्ज'ची खिडकीच उघडेना, शेवटी फोनवरूनच त्यांना एकेक क्लिक सांगितली.