लाईट गेली की आईला ऐकूही येत नाही, काय करावं?

देवगडची
आईला जन्मापासून कमी ऐकू येतं, मशीन लावते. रातांधळेपण होतंच, आता डॉक्टर म्हणाले आरपी आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आजार, बाजूचं दिसणं जातंय, दोन्ही मिळून अशर सिंड्रोम असावा. दिवसा ती ओठ बघून सगळं ओळखते म्हणून किती वाढलंय ते आम्हाला कळलंच नाही. पण पावसात लाईट गेली की संपलं, आम्ही बोंबलतोय आणि ती आपली "कोण आसा? कोण आसा?" परवा अंधारात मी नुसता खांद्याला हात लावला तर केवढी दचकली, वाटीतली पेज सगळी मांडीवर.

पोफळीखाली
ओरडू नका हो, मशीनमधून ते नुसतं फाटकं येतं. टॉर्च जवळ ठेवा आणि तिच्या नाही, स्वतःच्या तोंडावर मारा. आम्ही सासऱ्यांच्या तळहातावर बोटाने लिहितो, अक्षरावर अक्षर एकाच जागी, शब्द संपला की पाटी पुसल्यासारखा हात फिरवायचा. काना राहतो कधी, मग काल चा कल होतो, पण त्यांना समजतं. शिवाय प्रत्येकाची खूण ठरलेली, मी माझ्या बांगड्या त्यांच्या हाताला लावते, नातू मनगटावर दोन टिचक्या मारतो. खूण केल्याशिवाय ताटसुद्धा पुढ्यात सरकवायचं नाही.

रत्नांग्रीकर
मला स्वतःला अशर आहे, टाईप टू. खिडकीकडे पाठ करून बोलू नका ताई, तोंड काळं दिसतं नुसतं. आणि वस्तू न सांगता हलवू नका, पडवीत कोणी नारळ सोलून त्याची सोडणं टाकून गेलं की मी आपटलोच समजा. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत काथ्याची दोरी बांधलीय, पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तेव्हा तिचाच आधार. मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, आपल्या दमट हवेत लवकर खराब होतं. लाल पट्ट्याची पांढरी काठी मिळते, दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशी तिची खूण, पण इथे ते कोणाला माहीत, रिक्षावाले हॉर्नच वाजवत बसतात!

खाडीपलीकडचा
यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं सरकारी कार्ड काढताना कान आणि डोळे दोन्ही तपासून घ्या, २०१६ च्या कायद्यात हे बहुविकलांगतेत धरलंय. माझ्या बहिणीला आधी फक्त कानाचं दिलं, परत हेलपाटा. आणि मामा-मावशीला रात्री नीट दिसतं का विचारा, आईवडील दोघांकडून येतं हे, प्रत्येक भावंडाला चारात एक शक्यता असते.

देवगडची
काल लाईट गेल्यावर तळहातावर लिहून बघितलं, "मी आहे, पेज आणलीय". आई म्हणते, तुझा अक्षर अजून तसाच घाण. @रत्नांग्रीकर दादा, दोरी कमरेच्या उंचीला बांधलीय की वर?