गाळ्याचं साडेपाच महिन्यांचं भाडं मिळकतकरात जातं, हे योग्य आहे का?

उंबरठा
बाजारपेठेत बाबांचा १४० चौरस फुटांचा गाळा आहे. एकतीस वर्षं त्यांनी तिथे वह्या-पुस्तकं विकली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा दुकान आवरलं आणि गाळा शिलाईकाम करणाऱ्या एका दादांना महिना १८ हजारांनी दिला. करार रीतसर नोंदवला. चार महिन्यांनी कर निरीक्षक आले. टेप लावून गाळा मोजला, पोटमाळाही मोजला. त्या पोटमाळ्यावर उभं राहता येत नाही, खोकी ठेवायलासुद्धा रांगत जावं लागतं. कराराची प्रत मागितली, मी दिली. मग विशेष नोटीस आली आणि २१ हजारांचं बिल ९८ हजारांवर गेलं.

हिशेब असा: वर्षाचं भाडं २,१६,०००. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा जाता करपात्र मूल्य १,९४,४००. त्यावर सर्वसाधारण कर, सफाई, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण अशा एकाखाली एक ओळी. सगळं मिळून करपात्र मूल्याच्या निम्म्याहून जास्त.

शेजारच्या गाळ्याला भाडं आमच्याहून जास्त येतं. पण तिथे करारच नाही, मालक 'दुकान माझंच' म्हणून सांगतात, त्यांचं बिल जुनंच आहे. कर भरायला माझी ना नाही. पण खरा कागद दाखवला म्हणून साडेचार पटींहून जास्त कर आणि लपवलं तर सूट, हे मला पटत नाही.

नदीकाठचा
ताई, शेजाऱ्याबद्दलची तुमची तक्रार शंभर टक्के खरी. पण दर कमी करा म्हणाल तर माझा विरोध आहे. बाबांनी गाळा घेतला तेव्हा तिथे भाडं किती होतं आणि आज १८ हजार का मिळतं? समोरचा रस्ता, दिवे, ड्रेनेज, बसथांबा यांमुळे. ते सगळं गावाच्या पैशातून झालं.

आणि पालिकेच्या हातात उरलंय काय? शहरात येणाऱ्या मालावरची जकात गेली. तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला तर २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी दिवसेंदिवस दुकानं बंद ठेवली. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल त्यातून सुटली, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो पुरता संपला. आता राज्याकडून नुकसानभरपाई येते तिची वाट बघायची. स्वतःचा म्हणावा असा मोठा कर हा एकच. तो गाळ्यांना माफ केला तर माझ्या वस्तीतल्या दोन खोल्यांवरच वाढणार.

कातरसुई
मी मालक नाही, भाडेकरू आहे. अशाच एका गाळ्यात गेली नऊ वर्षं ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवतो. मालक आणि पालिका यांचा वाद तुम्ही दोघांनी मांडला, पण शेवटी पैसे कुठून जातात ते लिहिलं नाही. आमच्या करारात 'वाढीव कर भाडेकरूने सोसावा' अशी ओळ आहे. कर वाढला की मालक बिलाची झेरॉक्स माझ्या मशीनवर आणून ठेवतात. गणवेशाची शिलाई मी त्या प्रमाणात वाढवू शकत नाही, जूनमध्ये पालक दहा रुपयांसाठी दुसऱ्या दुकानात जातात. मालकाला इमारतीचा भाव वाढल्याचा फायदा आहे, मला काय आहे?

जमाखर्च
करसल्लागाराकडे बावीस वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. बिलातली एक ओळ कुणी वाचत नाही: रोजगार हमी उपकर. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात जी रोजगार हमी योजना फोफावली, वि. स. पागे यांचं नाव जिच्याशी कायमचं जोडलं गेलं, तिच्यासाठीचा हा उपकर शहरातल्या फक्त बिगरनिवासी मिळकतींवर असतो. राज्याचा शिक्षण उपकरसुद्धा बिगरनिवासीला घराच्या दुप्पट दराने. हे पैसे पालिका गोळा करते आणि राज्याला देते. गावाकडच्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून शहरातल्या दुकानाने काही द्यावं, यात मला गैर वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. पण ते दुकानदाराला माहीत तरी हवं.

सवलतींचं पाहा. पुण्यात स्वतः राहत्या घराला ४० टक्के सवलत १९७० पासून होती. मध्यंतरी ती बंद झाली, २०२३ मध्ये परत आणावी लागली. मुंबईत जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. गाळा शंभर फुटांचा असला तरी त्याला यातलं काही लागू नाही. घरांमागे मतं असतात, गाळ्यामागे नसतात.

ताई, प्राप्तिकरात मात्र प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर भाड्यातून वजा होतो आणि उरलेल्यावर आणखी ३० टक्के वजावट मिळते. ती घेताय ना?

उंबरठा
हो, घेते. तरी हातात येतात ते वर्षाला एक लाख अठरा हजार, त्यातच बाबांची औषधं. @नदीकाठचा, रस्त्याचं म्हणणं मान्य. पण तोच रस्ता शेजाऱ्याच्याही दारावरून जातो. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे जागेच्या किमतीवर कर आहे. तिथे भाडं किती येतं यावर कर ठरत नाही, म्हणून करार दाखवण्याची शिक्षाही होत नाही. तसं आपल्याकडे का नको?

@कातरसुई, आमच्या करारात ती ओळ नाही आणि मी घालणारही नाही.

नदीकाठचा
भांडवली मूल्य म्हणजे रेडी रेकनर, सरकारने ठरवलेले जागेचे भाव. जुन्या पेठेत जमिनीचा भाव चढा आणि धंदा बसलेला असला तर रिकाम्या गाळ्यावरही तोच कर बसेल. तुमच्या बाबांनी शेवटची पाच वर्षं जसं दुकान चालवलं असेल तसं चालवणाऱ्याला तो झेपणार नाही. भाड्यावरचा कर निदान मिळकत आहे तिथेच लागतो. मी म्हणतो दर राहू द्या, पण प्रत्येक गाळा दर पाच वर्षांनी मोजा, शेजाऱ्याचाही. जकात बुडवणाऱ्याचा भार प्रामाणिक व्यापाऱ्यावर पडायचा, तेच इथे चाललंय.

जमाखर्च
आधी हातातलं काम करा. नोटिशीवर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सुनावणीत पोटमाळ्याचा मुद्दा वेगळा मांडा, दरावर वाद घालत बसू नका. तिथे नाही जमलं तर कोर्टात अपील आहे, पण त्यासाठी वादातली रक्कम आधी भरावी लागते. थकबाकीवर पुण्यासारख्या ठिकाणी महिन्याला २ टक्के शास्ती चढते, तेव्हा बिल तसंच ठेवू नका.

उंबरठा
हरकत दिली आहे, सुनावणी गुरुवारी आहे. आज दुकान बंद झाल्यावर दादांनी टेप धरला आणि मी मोजलं. पोटमाळ्याची उंची चार फूट तीन इंच. टेपसकट फोटो काढलाय.