मदत हवी आहे: सड्यावर (कातळाच्या पठारावर) सापडलेल्या गेंदाची नवी प्रजाती म्हणून नोंद कुठे करायची?

सडेफिरा: राजापूरजवळ एक गेंद (एरिओकॉलॉन, गोंड्यासारख्या फुलांचं छोटं रोप) सापडलाय. अगदी बुटका, गोंडा राखाडी. कुकचा फ्लोरा (मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जुना ग्रंथ) पाहिला, बीएसआयचा (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) १९९६चा महाराष्ट्राचा खंडही पाहिला, कशाशीच जुळत नाही. नोंदणीचा फॉर्म कुठे मिळेल? सड्यावरचं पाणी आटत चाललंय, लवकर सांगा. फोटो जोडलाय.

डोंगरवाट: फोटोत नुसता ठिपका दिसतोय. नमुना घेतलात का, मुळासकट? बी धरलंय? गेंदात बियांच्या सालीवरची नक्षी मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय कुणी काही बोलणार नाही.

सडेफिरा: नमुना आहे. फॉर्म कुठे?

बाभूळ: फॉर्म नसतो हो. शोधनिबंध छापावा लागतो. वर्णन हवं, होलोटाइप (नाव ज्याच्याशी बांधलं जातं तो एक नमुना) हवा आणि तो कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) ठेवलाय तेही लिहायचं. पुण्यात बीएसआय आणि आघारकर संस्था, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, मुंबईत ब्लॅटर हर्बेरियम. वर्णन लॅटिनमध्येच हवं, नाहीतर नाव बाद.

कातळफूल: लॅटिनची सक्ती १ जानेवारी २०१२ला संपली, काका. इंग्रजी चालतं.

बाभूळ: म्हणूनच हल्ली कुणीही उठतो आणि प्रजाती काढतो.

जाईजुई: गेंद कुंडीत लावता येतो का? फार गोड दिसतो.

पेठकर: आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या साइटवर) टाका, दोन दिवसांत कोणीतरी ओळखेल.

डोंगरवाट: अजिबात नको! दुर्मिळ कंदीलपुष्पांचे पत्ते असेच फुटतात, मग लोक कंद उपटून नेतात.

पेठकर: लोकेशन लपवायची सोय आहे तिथे. आणि गेंदाला कंद कुठून आला?

डोंगरवाट: मुद्दा कंदाचा नाही.

कातळफूल: भांडण नंतर. सडेफिरा, १९९६नंतर सह्याद्रीतून गेंदाच्या कितीतरी नव्या प्रजाती वर्णन झाल्यात, त्या खंडात सापडणारच नाहीत. गोवा, कर्नाटक, केरळचे पेपर चाळा, लंडनच्या क्यू बागेतले टाइप (मूळ) नमुने ऑनलाइन दिसतात तेही बघा. तिकडची एखादी निघाली तर ती महाराष्ट्रासाठी नवी नोंद. तीही छापण्यासारखी असते, पण नाव द्यायला मिळत नाही. सडा कुणाचा? वनखात्याचा असेल तर परवानगी लागेल.

सडेफिरा: सडा आमच्या काकांचाच. नाव आजीचं द्यायचं ठरवलंय. नमुना वहीत दाबलाय.

डोंगरवाट: वहीत?? किती रोपं? तारीख, गाव, उंची लिहिलीत?

सडेफिरा: एकच. उंची म्हणजे रोपाची ना?

कातळफूल: समुद्रसपाटीपासूनची. एका रोपावर भागणार नाही. तिथे भरपूर असतील तरच आणखी पाच-सहा घ्या, पिकलेले गोंडे पाहून. वर्तमानपत्रात दाबा, कागद रोज बदला. दोन-तीन गोंडे स्पिरिटमध्ये ठेवा. मग बीएसआयला किंवा कोल्हापूरला गेंदावर काम करणाऱ्या कुणाला तरी गाठा, एकट्याने पेपर लिहू नका.

बाभूळ: आणि आजीचं नाव लॅटिनच्या स्त्रीलिंगी षष्ठीत ('अमकीचं' या रूपात) नका लावू, गेंदाचं वंशनाम नपुंसकलिंगी आहे.

कातळफूल: काका, षष्ठी माणसाप्रमाणे बदलते, आजीला स्त्रीलिंगीच. वंशाचं लिंग फक्त विशेषणाला लागतं.

सडेफिरा: ते राहू दे. स्पिरिट मेडिकलमध्ये मिळतं तेच ना? रविवारी दुकान बंद असतं.