कारखान्याने गावासाठी काय करावं, आणि ते ठरवायचं कोणी?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरी पाळी

कारखाना गावासाठी काय करतो हा विषय निघाला की आधी आकडा सांगितला जातो. इतका निधी, इतक्या शाळा, इतके लाभार्थी. मी देखभाल विभागात काम करतो, आणि माझं मत असं आहे की पैशापेक्षा मोठी गोष्ट कारखान्याकडे पडून असते: कामगारांच्या हातातलं कसब. नेमकी तीच गेटच्या आत अडकून राहते.

एका शाळेला आमच्याकडून नवा पंप द्यायचं ठरलं होतं, कारण जुना पाणी उचलत नव्हता. आमच्यातला एक फिटर सुट्टीच्या दिवशी जाऊन बघून आला. मोटर ठणठणीत होती. सक्शन पाइप वर काढून तळाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी परत खाली उतरू न देणारी झडप) उघडला, तर झडपेखाली खडा अडकलेला आणि वॉशर एका बाजूने झिजलेला. त्यामुळे पाइपमधलं पाणी रात्रीत खाली उतरायचं आणि सकाळी पंप कोरडाच फिरायचा. वॉशर बदलला, पाइप भरून प्रायमिंग केलं, पाणी आलं. नवा पंप आला असता तरी तो त्याच गळक्या फूटव्हॉल्व्हवर बसला असता आणि महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार आली असती. देणगीच्या फाइलवर सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही पाइप वर काढून बघितला नव्हता.

म्हणून मी म्हणतो, कंपनीने दर महिन्याला काही पगारी तास द्यावेत, काम गावाने सांगावं आणि ते कामगारांनी करावं. तुम्हाला काय वाटतं?

जमाखर्च

अजिबात पटलं नाही. पुरेसा पगार वेळेवर द्या, कर पूर्ण भरा, यंत्रं सुरक्षित ठेवा, सांडपाणी स्वच्छ करून सोडा. कारखान्याचं गावाशी देणंघेणं इथे संपतं. शाळेचा पंप शाळा चालवणाऱ्यांनी दुरुस्त करावा. कारखाना गावाच्या संसारात जितका शिरतो, तितकं गाव त्याच्या मुठीत जातं.

शिकागोजवळचं पुलमन घ्या. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० च्या सुमारास कारखान्याभोवती एक आदर्श नगर वसवलं. नीटनेटकी घरं, वाचनालय, नाट्यगृह, बागा. लोक लांबून बघायला यायचे. मग १८९३ ची मंदी आली. मजुरी कापली, घरभाडं मात्र होतं तेवढंच ठेवलं. पगार देणारा आणि भाडं घेणारा एकच, तर दाद मागायची कोणाकडे? १८९४ चा संप त्यातूनच पेटला आणि शेवटी सैन्य उतरवावं लागलं. १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कारखान्याच्या कामाशी संबंध नसलेली मालमत्ता कंपनीने विकून टाकावी. उपकाराखाली दबलेल्या माणसाला हक्क मागायची लाज वाटायला लागते, म्हणून मला ही सगळी वाट धोक्याची वाटते.

प्रकल्प समन्वयक

मी एका कारखान्याच्या समाजकार्य विभागात आहे, त्यामुळे दोघांनाही उत्तर देणं भाग आहे.

जमाखर्च, पुलमनबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे, पण त्याच काळातलं इंग्लंडमधलं बोर्नव्हिलही बघा. चॉकलेट बनवणाऱ्या जॉर्ज कॅडबरींनी १९०० मध्ये कारखान्याशेजारची ती अख्खी वस्ती वेगळ्या विश्वस्त संस्थेच्या ताब्यात दिली, आणि तिथली घरं कारखान्यात काम न करणाऱ्यांनाही मिळत होती. पुलमनने किल्ल्या स्वतःजवळ ठेवल्या, कॅडबरींनी त्या सोडल्या. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस होता, तेव्हा कायद्याची सक्ती नव्हती. मालकाने स्वतःहून केलेलं सगळंच संशयाने बघायचं तर हेही नाकारावं लागेल.

तिसरी पाळी, कसबाचा मुद्दा मनापासून पटला. तरी दवाखाना सुट्टीच्या दिवशीच्या हातांनी उभा राहत नाही. त्याला निधी लागतो, परवानग्या लागतात, लेखापरीक्षण लागतं. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं त्याच कलमात लिहिलंय. हा पैसा नाकारून गावाचं काय भलं होणार?

युनियनवाला

दवाखाना उभा राहत नाही म्हणता? छत्तीसगडमधल्या दल्ली राजहराला उभा राहिला. लोहखाणीतल्या कंत्राटी कामगारांनी, कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या संघटनेच्या काळात, स्वतःच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या श्रमातून शहीद हॉस्पिटल बांधलं. १९८३ मध्ये ते सुरू झालं. १९७७ च्या पोलीस गोळीबारात मारल्या गेलेल्या साथींच्या स्मरणार्थ हे नाव. आजूबाजूच्या खेड्यांतले आदिवासी आणि शेतकरीही तिथे उपचाराला येतात. वेल्समधल्या ट्रेडेगरमध्ये १८९० पासून खाणीतले आणि पोलादाचे कामगार पगारातून वर्गणी काढून गावाची वैद्यकीय सोय चालवत होते. अन्यूरिन बेव्हन त्याच गावचे. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा त्यांनी सुरू केली, तेव्हा हा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

आता तिसरी पाळींना एक प्रश्न. हे पगारी तास कंत्राटी कामगाराला मिळणार का? आज यंत्रांवर निम्म्याहून जास्त माणसं कंत्राटी असतात अशी कितीतरी ठिकाणं आहेत, आणि 'आमचे कर्मचारी' म्हणताना ती मोजली जात नाहीत. शिवाय नावांची यादी सुपरवायझरने लावली की स्वेच्छा संपली. मी काम करत होतो त्या ठिकाणी पूरग्रस्तांसाठी एका दिवसाचा पगार न विचारता कापला गेला. पैसे योग्य जागी गेले, कोणी तक्रार केली नाही. पण धनादेश देतानाच्या फोटोत सगळे साहेबच होते आणि बातमीत कामगारांचा उल्लेखही नव्हता. तो राग मला अजून आहे.

कुंपणाबाहेर

मी कामगार नाही आणि अधिकारीही नाही. कारखान्याच्या भिंतीला लागून राहते. इथे आमच्या भल्याचं सगळे बोलताहेत म्हणून लिहिते.

आम्हाला पाणी शुद्ध करायचं यंत्र मिळालं. पहिलं वर्ष छान गेलं. मग पाणी आधी गाळणाऱ्या फिल्टरची कार्ट्रिज गाळाने भरली. ती वेळेवर बदलली नाही म्हणून आतलं मेम्ब्रेन (पाणी शुद्ध करणारा बारीक पडदा) चोंदलं आणि पाण्याची धार करंगळीएवढी झाली. नवीन मेम्ब्रेनचा खर्च कोणी करायचा? देखभालीचा करार एकाच वर्षाचा होता. कंपनी म्हणते यंत्र हस्तांतरित झालं, पंचायत म्हणते आमच्याकडे तरतूद नाही. खोलीला कुलूप आहे, बाहेरची पाटी मात्र स्वच्छ आहे.

पण माझी खरी मागणी वेगळी आहे. कारखान्याचा धोक्याचा भोंगा वाजला तर आम्ही काय करायचं, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री लोकांना वायू कोणता हे माहीत नव्हतं, पळायचं कुठे हेही माहीत नव्हतं. कितीतरी जण वायू जिकडे सरकत होता तिकडेच धावले. वाऱ्याला आडवं निघायचं, तोंडानाकावर ओला कपडा धरायचा, एवढं सांगायला किती खर्च येतो? १९८७ मध्ये भारतातल्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांबरोबर परिसरातल्या लोकांनाही देणं बंधनकारक झालं. शाळेला बाक नंतर द्या, ही माहिती आधी द्या. आणि ती कामगारांनीच द्यावी, कारण कोणत्या टाकीत काय आहे आणि कोणता व्हॉल्व्ह गळतो हे त्यांनाच माहीत असतं.

तिसरी पाळी

कुंपणाबाहेर, तुमचा मुद्दा माझ्या पंपापेक्षा कितीतरी मोठा आहे. कसब म्हणतो त्यात हे ज्ञानही धरलंच पाहिजे. युनियनवाला, कंत्राटी कामगाराला त्या तासांचा तोच पगार मिळावा आणि नावनोंदणी गावच्या समितीकडे असावी, सुपरवायझरचा तिच्याशी संबंध नको.

कामगार काय विचार करू शकतात याचा एक दाखला देतो. ब्रिटनमधल्या विमानांचे भाग बनवणाऱ्या लुकास एरोस्पेसच्या कामगार प्रतिनिधींनी, नोकऱ्या जाणार असं दिसल्यावर, १९७६ मध्ये स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला. शस्त्रसामग्रीऐवजी लोकांना उपयोगी पडतील अशी सुमारे १५० उत्पादनं त्यात सुचवली होती, कृत्रिम मूत्रपिंड यंत्रांपासून हीट पंपापर्यंत. ही सगळी तिथल्याच यंत्रांवर आणि तिथल्याच हातांनी होण्यासारखी होती.

जमाखर्च

आणि व्यवस्थापनाने तो आराखडा फेटाळला, हे लिहायचं राहिलं. माझा मुद्दा हाच आहे. सगळं शेवटी मालकाच्या होकारावर येऊन थांबतं. करातून आलेल्या पैशाचा हिशेब गाव मागू शकतं, देणगीचा कोण मागणार? कारखाना बंद पडला तर तुमचे पगारी तास, समिती, फिल्टर, सगळं त्याच दिवशी संपेल.

प्रकल्प समन्वयक

कर भरला म्हणून तो त्या वॉशरपर्यंत पोचतोच असं नाही हो. पण मेम्ब्रेनचं दुखणं खरं आहे. आमच्याकडे वस्तू दिल्याची नोंद होते, वस्तू चालू राहिल्याची होत नाही. पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च धरलेला नसेल तर प्रस्ताव मंजूरच करायचा नाही, असा नियम मी आमच्या बैठकीत मांडणार आहे. त्यामुळे वर्षाला कामं कमी होतील आणि वरिष्ठ नाराज होतील, तरी मांडणार.

युनियनवाला

सगळं मालकाच्या होकारावर थांबतं, हे मला मान्य नाही. १९७१ मध्ये सिडनीच्या हंटर्स हिल भागातल्या महिला केलीज बुश ही झाडी वाचवायला निघाल्या आणि बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे गेल्या. जॅक मुंडी तिचे नेते. संघटनेने अट घातली की आधी जाहीर सभा घ्या, तुमच्या भागातल्या लोकांना हे हवंय हे दाखवा. सभा झाली आणि मजुरांनी तिथल्या बांधकामाला हात लावायला नकार दिला. झाडी वाचली. मालकाची परवानगी कोणी मागितली नव्हती, निधीही लागला नव्हता. मागणी तिथल्या लोकांनी केली आणि जोर कामगारांनी लावला. मला हाच क्रम बरोबर वाटतो.

कुंपणाबाहेर

सभेची ती अट चांगली आहे. मग आमच्याकडची पहिली सभा भोंग्यावरच होऊ द्या. कामगारांनी यावं, कायमचे आणि कंत्राटी दोन्ही, आणि कोणत्या टाकीत काय आहे ते आमच्या भाषेत सांगावं. त्यासाठी त्यांच्यावर कारवाई होणार नाही, असं कंपनीने आधी लेखी द्यावं.

जमाखर्च

या सभेला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त तिचा खर्च त्या २ टक्क्यांत दाखवू नका. ही माहिती देणं, कुंपणाबाहेर यांनी वर लिहिल्याप्रमाणे, कायद्याने बंधनकारकच आहे.