मोबाइलवर शूट केलेलं नाटक टीव्हीवर लावलं की आवाज मागे पडतो, चित्र अडखळतं. चूक कुठे?

तिसरी_रांग

४० मिनिटांचा नाट्यप्रयोग मोबाइलवर ४के, ३० फ्रेमला शूट केलाय. मोड ऑटो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झ. मध्ये त्याच नाटकाच्या जुन्या प्रयोगाचे मिनी-डीव्ही टेपवरून उतरवलेले तुकडे आहेत. एडिट करताना तुकड्या-तुकड्याने पाहिलं तेव्हा काही जाणवलं नाही. मोठ्या टीव्हीवर सलग लावलं तर:

१. सुरुवातीला आवाज जुळतो, शेवटाकडे ओठ आधी हलतात आणि शब्द दोनेक सेकंदांनी येतात.
२. मागच्या पडद्यावर फिकट-गडद पट्टे वर सरकत राहतात.
३. कॅमेरा आडवा फिरवला की चित्र धक्के खातं.
४. टेपच्या तुकड्यांत हात हलला की कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात.

शिवाय १६ एमबीपीएसची (सेकंदाला १६ मेगाबिट) पूर्ण फाइल पेनड्राइव्हवर जातच नाही, म्हणून दोन भाग करून लावली. टीव्ही खराब आहे की फाइल?

फ्रेमकार

टीव्हीला दोष देऊ नका, निदान आवाजाबाबत तरी. साधी खूण: अंतर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सारखंच असेल तर टीव्ही किंवा साउंडबार उशीर करतोय, आणि ते ऑडिओ डिलेच्या सेटिंगमध्ये सुटतं. अंतर वाढत जात असेल तर फाइलमध्येच घोळ आहे. तुमचं दुसऱ्या प्रकारचं.

मोबाइल ‘३० फ्रेम’ म्हणतो, पण मोजून तीस देत नाही. रंगमंचावर अंधार झाला की सेन्सर एक्स्पोजर लांबवतो आणि फ्रेम कमी पडतात. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. एडिटिंग सॉफ्टवेअरने तेच सरळ ३० धरून मांडलं की चित्र खऱ्यापेक्षा आखूड होतं. सरासरी २९.९७ असताना ३० धरलं तर फरक हजारात एक, पण ४० मिनिटांत तो २.४ सेकंद होतो. तुमचे ‘दोनेक सेकंद’ इथेच सापडतात. रेकॉर्डरचं घड्याळ दशलक्षात २० भागांनी चुकलं तरी एवढ्या वेळात ०.०५ सेकंदच होतील, त्यामुळे त्याच्यावर संशय नको.

मूळ फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ दिसलं की खात्री झाली. मग हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ नव्याने रूपांतरित करणारं सॉफ्टवेअर) व्हिडिओच्या टॅबवर फ्रेम रेट ३० आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’ निवडा (‘पीक’ ठेवलात तर काहीच बदलणार नाही), क्वालिटी आरएफ १८. ही नवी फाइल टाइमलाइनवर घ्या. आधीचे कट थोडे सरकतील, ते हातानेच जुळवावे लागतात. म्हणून हे काम एडिटच्या आधी करायचं असतं.

पुढच्या वेळी ऑटो एफपीएस (अंधारात फ्रेम आपोआप कमी करणारी सोय) बंद ठेवा.

काळा_पडदा

पट्ट्यांचं. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे विजेचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर (एका फ्रेमसाठी सेन्सर उजेड घेतो तेवढा वेळ) १/६० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकीचा वेगळा हिस्सा येतो आणि पट्टा सरकताना दिसतो. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० बांधून ठेवा. फ्रेम २५ ठेवता आले तर फारच छान, कारण मग प्रत्येक फ्रेमला बरोबर चार लुकलुकी येतात. आयफोनमध्ये २५चा पर्याय आधी दिसत नाही, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल (५० हर्ट्झच्या भागांतली टीव्हीची पद्धत) फॉरमॅट दाखवायचं बटण चालू करावं लागतं. ६० हर्ट्झच्या विजेवर हेच आकडे १/६० आणि १/१२०.

अपवाद डिमरवर मंद केलेल्या एलईडीचा. त्यांची लुकलुक विजेच्या तालावर नसते, त्यामुळे कुठलंही ठरावीक शटर पुरत नाही. दिवा पूर्ण उजेडावर नेऊन कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) उतरवणं हा खात्रीचा मार्ग.

धक्क्यांचं मूळ दोन ठिकाणी असू शकतं. आधी टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करून पाहा. ते मधल्या फ्रेम स्वतः रचतं आणि जलद हालचालीत फसतं. तरी धक्के राहिले तर पॅनच (कॅमेरा आडवा फिरवणं) जलद आहे. एखादी वस्तू पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायला साधारण ७ सेकंद लागतील इतक्या संथपणे फिरवा. याला सॉफ्टवेअरमध्ये इलाज नाही.

जुनीफीत

वरच्या दोघांना +१. आता दाते.

टेपवरचं चित्र इंटरलेस्ड आहे. पाल असेल तर सेकंदाला ५० फील्ड, प्रत्येकात निम्म्या ओळी, आणि दोन शेजारी फील्डांत १/५० सेकंदाचं अंतर. ट्यूबच्या टीव्हीवर ती एकामागून एक उमटायची म्हणून हालचाल गुळगुळीत दिसे. आजचा पडदा पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो, म्हणून दोन क्षण एकात विणले जातात आणि हाताला दाते फुटतात. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेस, त्यात याडिफ ही पद्धत आणि ‘बॉब’ (प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम करणारा पर्याय) घ्या आणि फ्रेम रेट ५० कॉन्स्टंट. फील्ड ऑर्डर तपासा: डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं. उलटं धरलं गेलं तर हालचाल एक पाऊल पुढे, एक मागे अशी थरथरते.

दाते घालवायच्या आधी चित्राचा आकार बदलू नका. लहान-मोठं केलं की ओळी एकमेकींत मिसळतात आणि दाते कायमचे बसतात. बहुतेक तुकडे इथेच वाया जातात.

दुसरं म्हणजे चेहरे. ७२० × ५७६ तसंच वापरलं तर माणसं किंचित उभट दिसतात, कारण ४:३ साठी ते ७६८ × ५७६ व्हायला हवं. १०८०च्या टाइमलाइनवर १४४० × १०८० करा आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल काळं राहू द्या. पडदा भरायचा म्हणून ताणू नका, प्लीज.

३०च्या टाइमलाइनवर हे तुकडे थोडे अडखळणारच, ५० हे ३० मध्ये सारखे वाटले जात नाहीत. मुख्य माल मोबाइलचा असल्याने टाइमलाइन ३०च ठेवा. तीच २५ केलीत तर मोबाइलचा दर सहावा फ्रेम गळेल आणि सगळं नाटक अडखळेल.

तिसरी_रांग

मीडियाइन्फोत व्हेरिएबलच निघालं. शूट झालेल्या फुटेजमधले पट्टे काढता येतील का? आणि पेनड्राइव्हचं राहिलं.

काळा_पडदा

पूर्ण नाही. दाविंची रिझॉल्व्हच्या पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत डीफ्लिकर (लुकलुक दाबणारा फिल्टर) आहे, फिकट पट्टे त्याने बरेच दबतात. पट्टा ठळक असेल तर हलणाऱ्या माणसांभोवती डाग उमटतात. आधी १० सेकंदांवर करून पाहा.

फ्रेमकार

पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी राहत नाही. १६ एमबीपीएस × २४०० सेकंद ÷ ८ म्हणजे ४.८ जीबी. एकतर पेनड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करा (फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, आणि जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत) नाहीतर १२ एमबीपीएसला काढा, ३.६ जीबीत बसेल. १०८०, ३० फ्रेम, एच.२६४ ला १२ पुरेसे आहेत. आवाज एएसी ठेवा.